फिरकीचा गेटपास

मिरीच्या दाण्याएवढ्या वस्तूने एखाद्या सभ्य माणसाची किती अप्रतिष्ठा करावी याला काही मर्यादा असायला हवी. माझ्या बाबतीत ती पाळली गेली नाही. ती वस्तू म्हणजे कानातल्याची फिरकी. कानातल्याच्या मागे एक दांडी असते, ती कानाच्या भोकातून आरपार जाते आणि मागच्या बाजूने तिच्यावर ही फिरकी फिरवून घट्ट करतात. बायका हे काम आरशात न बघता, बोलता बोलता, एका हाताने करतात. त्यात काही विशेष असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तो एक नट आहे आणि दांडी हा बोल्ट आहे, असं माझं साधं मत होतं, आणि नटबोल्टच्या बाबतीत माझ्या मताला थोडी किंमत आहे.

मी पंप बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर्सचा प्रमुख आहे. ज्यांनी कधी स्टोअर्स पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, तिथे माणूस स्टुलावर बसून चहा पितो. चहा आम्ही पितोच. पण जगाचा गाडा ज्या तत्त्वावर चालतो ते तत्त्व आम्ही सांभाळतो: कोणताही नट उचला, त्या मापाच्या कोणत्याही बोल्टवर तो बसलाच पाहिजे. बसला नाही तर तो माल नव्हे, भंगार. या एका वाक्यावर मी नोकरी काढली, आणि खरं सांगायचं तर संसारही.

त्या संसारात गडबड सुरू झाली ती जेवताना. माझी बायको शाळेत शिकवते. शिकवत होती म्हणायला हवं, कारण शनिवारी तिचा निरोप समारंभ होता. सगळी वर्षं तिने पहिलीचाच वर्ग घेतला. रडत आलेल्या पोरांना अक्षरं गिरवायला लावायची आणि वर्षाअखेरीला ती पोरं दुसरीच्या बाईंच्या हवाली करायची. त्या दिवशी शाळेच्या चिटणिसांचा तिला फोन आला होता. ताटात भात तसाच ठेवून ती म्हणाली, "चिटणीस म्हणाले, बाई, तुम्ही अजिबात काळजी करू नका. सोमवारपासून तुमच्या जागी दुसऱ्या बाई येताहेत. मुलांना फरक कळणारही नाही."

"चांगलं झालं की," मी म्हणालो. "यंत्रणा अशीच पाहिजे. एक माणूस काढला की दुसरा त्या जागी फिट बसला पाहिजे."

तिने माझ्याकडे बघितलं. मग ताट उचलून आत गेली. मी चटणी मागणार होतो, पण ती मागायची वेळ नव्हे एवढं मला कळलं. थोड्या वेळाने दारात उभी राहून ती म्हणाली, "अहो, लॉकरमधून आईची कानातली आणून द्याल? शनिवारी तीच घालणार आहे मी. आई असती तर पहिल्या रांगेत बसली असती. आणि डबी उघडू नका. आहे तशी आणा."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. मी काय लहान मूल आहे? हजारो सुट्या भागांचा हिशेब ज्याच्या हातात आहे त्याला डबी उघडू नका म्हणायचं.

बँकेत लॉकरच्या बाईंनी माझी सही बघितली, मग जुन्या कार्डावरची सही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "जुळत नाही. कार्डावरच्या सहीत शेवटी वर जाणारी एक रेघ आहे."

"बाई, कार्ड केलं तेव्हा मी तरुण होतो. तेव्हा सगळंच वर जात होतं."

"ती रेघ काढून दाखवा."

मी काढून दाखवली. पाच-सहा कोऱ्या कागदांवर मी माझ्या तारुण्याचा सराव केला, मागे रांगेतले लोक माना लांब करून बघत होते, आणि शेवटी एकदाची ती रेघ पाहिजे तेवढी वर गेली. एवढा अपमान सोसून आणलेली डबी माणूस न उघडता कसा ठेवील, मला सांगा.

मी ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उघडली. बायको शाळेत होती. आत सासूबाईंची कानातली होती: मध्ये लाल माणिक, भोवती मोत्यांचा वेढा. या माणकांबद्दल मी लग्नाच्या पहिल्या दिवसापासून ऐकत आलो होतो. सासूबाई कोणत्याही विषयावरून माणकांवर यायच्या. महागाई, नाती, पाण्याचा तुटवडा, कुठूनही. आणि प्रत्यक्षात बघतो तर काय, मोती पिवळट, माणिक मळकट, कोंदणाच्या फटीत काळं बसलेलं. अशी कानातली घालून माझी बायको व्यासपीठावर बसणार आणि खाली चिटणीस हसणार. म्हटलं, धुवून ठेवू. आल्यावर आश्चर्याचा धक्का देऊ.

फिरक्या काढल्या, कानातली गरम पाण्याच्या वाटीत टाकली, वर भांड्यांच्या साबणाची चिमूट. माझा चहा पिऊन होईपर्यंत ती मुरत ठेवली, मग जुन्या दात घासायच्या ब्रशने घासली. फिरक्याही घासल्या. एका फिरकीच्या पाठीवर एक काळा ठिपका होता, तो निघता निघेना. मी तो बराच घासला. शेवटी घडवणाऱ्याचा हलगर्जीपणा म्हणून सोडून दिला. कानातली मात्र झकास निघाली. पुसली, वाळवली आणि फिरक्या लावायला घेतल्या.

पहिली फिरकी दांडीवर जाईचना. टोकाशीच अडून बसली. दुसरी अर्धा फेरा गेली आणि मग डुगडुगायला लागली, सैल नाड्यासारखी. मी चष्मा पुसला. परत लावून बघितली. श्वास रोखून बघितली. आमच्या धंद्यात याला एकच नाव आहे: आटे गेले. आटे म्हणजे नटबोल्टच्या अंगावरचे त्या चक्राकार खाचा. गरम पाण्याने धातू फुगला, ब्रशने आटे झिजले आणि सासूबाईंची कानातली मी ओट्यापाशी उभं राहून मारून टाकली. डबी मी साखरेच्या डब्यामागे लपवली आणि बायको आल्यावर सांगितलं की बँकेचं लॉकर बिघडलंय, उद्या मिळेल.

आता बुद्धी वापरायची तर गप्प बसायला हवं होतं. पण समोरच्या दारात हितचिंतक उभे होते. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण इमारतीत सगळे त्यांना हेच म्हणतात, कारण दुसऱ्याच्या हिताचं चिंतन सोडून त्यांना दुसरं काम नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं. पाच मिनिटांत मी सगळं ओकलो.

"साधी गोष्ट आहे," ते म्हणाले. "उष्णतेने फुगलंय ना? मग थंड करा. कानातली बर्फाच्या कप्प्यात ठेवा, दांडी आकसेल. फिरकी मात्र गरम करा, ती पसरेल. दोन्ही एकदम बाहेर काढायचं आणि फिरवायचं. आणि वहिनींना काही कळायला नको. मीही आमच्याकडे बोलणार नाही."

वैज्ञानिकदृष्ट्या यात चूक काढता येईना, म्हणून मी ते केलं. दांडी आकसली की नाही माहीत नाही, पण तव्यावरची फिरकी मी बोटांनी उचलली आणि माझी बोटं मात्र पसरली. त्यात बायको सरबतासाठी बर्फ काढायला आली. बर्फाच्या कप्प्यात प्लास्टिकची डबी बघून म्हणाली, "हे काय?"

"माझं औषध. गुडघ्याचं."

"गुडघ्याचं औषध बर्फात ठेवतात?"

"नवीन निघालंय."

तिने डबी परत ठेवली. दुसऱ्या दिवशी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या आणि हळूच म्हणाल्या, "बसली का?" खाली वॉचमनने विचारलं, "साहेब, बसली का?" हितचिंतक घरात काही बोलले नव्हते हे खरं असावं. ते जिन्यात बोलले होते. बायकोने विचारलं, "सगळे तुम्हाला काय बसली विचारतात?" मी म्हटलं, गुडघ्याची सूज. औषध इतकं चांगलं आहे का, म्हणून तिने त्याचं नाव विचारलं, तिच्या बहिणीसाठी. मी एक नाव ठोकून दिलं.

मग मी वाचायला बसलो. अज्ञानातून कारभार करणं मला मान्य नाही. दोन रात्री जेवण झाल्यावर मी दागिन्यांची विद्या मिळवली आणि माझं ठाम मत झालं की ही विद्या कोणीतरी मुद्दाम बिघडवून ठेवली आहे. कॅरट घ्या. सोन्याला कॅरट म्हटलं की शुद्धता, खड्याला कॅरट म्हटलं की वजन. माझ्या स्टोअर्समध्ये एकाच शब्दाने दोन मापं मोजणाऱ्या माणसाला मी गेटबाहेर काढीन. इथे त्याला सराफ म्हणतात. लाल दिसतं ते सगळं माणिक नव्हे. माणिक आणि नीलम ही सख्खी भावंडं, एकाच दगडाची, फक्त रंग वेगळा. आणि माणकाचा जुळा भाऊ वाटावा असा दुसराच एक लाल दगड आहे, तो राजेमहाराजे माणिक समजून मिरवत राहिले. मोती तर दगडच नव्हे, शिंपल्यातल्या किड्याची ती तक्रार आहे. आत कण गेला, सहन झाला नाही, त्याने त्याला गुंडाळून टाकलं. मला त्या किड्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. पण पुढच्याच ओळीत लिहिलं होतं की मोती मऊ असतो, त्याला गरम पाणी, साबण आणि ब्रश यांपासून जपावं. मी तिथेच वाचन थांबवलं. या तिन्ही गोष्टी मी एका वाटीत केल्या होत्या.

मोत्यांचं जे झालं ते झालं, आधी फिरकी, असं मनाशी ठरवून मी कानातली खिशात घातली आणि कारखान्यात नेली. आमच्याकडे आटे मोजायचं गेज असतं, दात असलेल्या पोलादी पात्यांचा जुडगा. आट्यांना जे पातं बसेल ते त्याचं माप. एकदा माप कळलं की जगातल्या कोणत्याही सोनाराकडून त्या मापाची फिरकी मागवता येईल, असा माझा विचार होता. सगळ्यात बारीक पातं मी दांडीला लावलं. ते पातंच दांडीपेक्षा जाड होतं. मी खिडकीपाशी भिंग घेऊन, कानातलं चिमटीत धरून उभा होतो, तेव्हा खरेदी विभागाचे दोघे आले आणि दारातूनच परत गेले.

संध्याकाळी गेटवर सुरक्षारक्षकाने झडती घेतली. रोज घेतो, सगळ्यांची घेतो. हा नियम मीच केला आहे. खिशातून कानातली निघाली.

"साहेब, हा माल?"

"माल नव्हे. माझ्या सासूबाईंची कानातली आहेत."

"आत आणताना नोंद केली होती का?"

"कानातल्यांची कसली नोंद?"

"साहेब, नियम तुमचाच आहे. गेटपासशिवाय धातूची कोणतीही वस्तू बाहेर जाणार नाही. मागच्या आठवड्यात तुम्ही इंजिनिअर साहेबांचा जेवणाचा डबा अडवला होता."

अडवला होता. त्याला नाही म्हणता येईना. मागे रांग लागली होती आणि रांगेत इंजिनिअर साहेब होते. मी परत वर गेलो आणि स्वतःच्या हाताने गेटपास भरला. वस्तूचे वर्णन: कानातली, पिवळा धातू. नग: एक जोड. प्रयोजन: दुरुस्तीसाठी. परत येणार का: होय. शेवटचं चुकून लिहिलं. त्यामुळे आज कारखान्याच्या दृष्टीने माझ्या सासूबाईंची कानातली ही बाहेर गेलेली आणि परत न आलेली मालमत्ता आहे आणि तिची जबाबदारी माझ्यावर आहे.

शनिवार जवळ येत होता. घरी बायको आरशासमोर बसून भाषणाची तयारी करायची. मुलांनो, असं म्हणायची आणि थांबायची. पुढचं वाक्य येतच नसे. एकदा म्हणाली, "आईची कानातली घातली की मला बोलता येईल. ती घालून आई कोणालाही गप्प करायची." हे मी अनुभवाने सांगू शकतो. पण ते ऐकून मला झोप लागेना. मी बँकेच्या नावाने आणखी एक थाप मारली आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून मोठ्या शोरूममध्ये गेलो.

तिथे काचेचं दार आपोआप उघडलं. कोट घातलेली एक मुलगी पुढे आली. मी म्हटलं, "एक फिरकी पाहिजे."

"स्टड्स दाखवू की ड्रॉप्स, सर? हूप्स? जॅकेट्स?"

"जॅकेट नको. फिरकी. कानातल्याच्या मागची."

"म्हणजे स्क्रू बॅक. आमच्याकडे पुश बॅक असतात, सर, नुसत्या दाबून बसवायच्या. स्क्रू हवा असेल तर सेट घ्यावा लागेल." तिने माझी डबी उघडून बघितली. "हे क्लोज्ड सेटिंग आहे, मागून बंद. ही पर्ल्स कल्चर्ड आहेत का, म्हणजे मुद्दाम पिकवलेली?"

सासूबाईंच्या घरातलं सगळंच कल्चर्ड होतं, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. मी म्हटलं, असतील. ती म्हणाली, "आणि रूबी नॅचरल की सिंथेटिक? बाहेरच्या पीसला हात लावायचा तर सर्टिफिकेट लागतं. तपासणी केंद्रातून करून आणा."

तपासणी केंद्र मागच्या गल्लीत होतं. खिडकीतल्या गृहस्थाने मूळ पावती मागितली. मी म्हटलं, ही माझ्या सासूबाईंच्या आईने केलेली कानातली आहेत, तेव्हा सोनार घरी यायचा आणि पावती म्हणजे त्याचा शब्द. गृहस्थाने लिहायला घेतलं आणि मोठ्याने वाचलं, "पिवळ्या धातूची कानातली, लाल रंगाचे खडे दोन, पांढरे मणी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गेटपासवर मी तेच लिहिलं होतं, पण माझी गोष्ट वेगळी, मी घरचा माणूस. "लाल रंगाचे खडे काय म्हणता? माणकं आहेत ती. या माणकांवरून या घराण्यात दोन सोयरिकी मोडल्या आहेत. आणि मणी? मणी माळेत असतात. मोती म्हणा."

"तपासल्याशिवाय आम्ही काहीच म्हणत नाही. आणि खडा कोंदणात असताना तपासत नाही. सुटा करून आणा."

"सुटा करायला सोनार लागेल. सोनार सर्टिफिकेट मागतो."

"मग आधी सर्टिफिकेट आणा."

"ते तुम्ही देणार ना?"

"खडा सुटा असेल तर."

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. सासूबाई हयात असताना मी त्यांच्या बाजूने एवढं कधी भांडलो असतो तर त्या आणखी काही वर्षं जगल्या असत्या. किंवा धक्क्याने लवकर गेल्या असत्या, सांगता येत नाही. मला त्यांची आठवण आली आणि राग आला, दोन्ही एकदम.

शेवटी एका बोळात खरोखर हातोडी चालवणारा सोनार सापडला. म्हटलं, हा जाणकार असेल. त्याने कानातली तराजूत टाकली, वर बघितलंच नाही. "मोडा," म्हणाला.

"काय?"

"जुनं आहे. मोडून टाका, नवं करून देतो. हलकं, आजच्या फॅशनचं."

"मला फक्त फिरकी पाहिजे."

"फिरकी सुटी मिळत नाही. त्यापेक्षा मोडा. सगळे मोडतात."

त्याचा हात पकडीकडे गेला आणि मी कानातली तराजूतून हिसकावून घेतली. एवढ्या चपळाईने मी आयुष्यात काही उचललं नव्हतं. जुनं झालं की मोडा, सगळे मोडतात, हे तो ज्या सुरात म्हणाला तो सूर मला कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. रस्ताभर आठवत राहिलो. घराच्या जिन्यात आठवलं. तो चिटणिसांचा नव्हता, माझा होता. जेवताना मी याच सुरात म्हणालो होतो, दुसरा फिट बसला पाहिजे. त्यानंतर जिन्यातच हितचिंतकांनी विचारलं, बसली का, आणि मी त्यांना काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शनिवारी सकाळी मी हार मानली. फिरक्या जशा अडतील तशा अडकवल्या, डबी बंद केली आणि बायकोच्या हातात दिली. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती डबी घेऊन आत गेली. मी दाराशी उभा राहिलो. आता हाक येणार. आता रडणं येणार.

ती बाहेर आली ती कानातली घालून. दोन्ही कानांत. घट्ट. मान हलवली तरी हलत नव्हती.

"कशी बसली?" मी विचारलं.

"कशी म्हणजे? फिरक्यांची अदलाबदल झाली होती, मागच्या वेळी मीच चुकून लावल्या असतील. उजव्याची डाव्याला बसत नाही. हाताने घडवलेली आहेत ना, सोनार एकेका दांडीवर आटे पाडायचा आणि त्याच दांडीवर त्याची फिरकी करायचा. म्हणून तर उजव्या फिरकीवर ठिपका ठोकलाय आणि उजव्या कानातल्याच्या पाठीवरही. आईने मला लहानपणीच दाखवलं होतं. बघा, आज मोती किती छान दिसताहेत."

मी खुर्चीत बसलो. जो ठिपका मी ब्रशने घासत होतो तो जुळणीचा ठिपका होता. आमच्या कारखान्यात पंपाच्या दोन अर्ध्या भागांवर असेच ठिपके ठोकतात, म्हणजे एका पंपाचा अर्धा भाग दुसऱ्याला लागू नये. त्या ठिपक्यांची तपासणी कोण करतं विचारा. आटे गेलेच नव्हते. आठवडाभर मी जगाशी भांडलो, सहीची रेघ वर नेली, बोटं भाजून घेतली, आणि करायचं काय होतं, तर या हातातली त्या हातात. आणि ही बया शांतपणे म्हणते, मीच चुकून लावल्या असतील. खरं सांगण्याची इतकी सोपी संधी मला परत मिळणार नव्हती. मी म्हटलं, "असेल, असेल. चल, उशीर होतोय."

शाळेच्या सभागृहात पुढे पहिलीची मुलं मांडी घालून बसली होती, मागे शिक्षक, त्यामागे आमच्या इमारतीतले लोक, हितचिंतकांसह. बायको व्यासपीठावर ताठ बसली होती आणि माणकं दिव्याखाली लखलखत होती. चिटणीस बोलायला उठले. ते वाईट गृहस्थ नाहीत. चांगल्या मनाने ते म्हणाले, "माणसं येतात, जातात, संस्था चालत राहते. बाईंनी निश्चिंत मनाने जावं. सोमवारी नव्या बाई रुजू होताहेत. मुलांना फरक कळणारही नाही."

बायकोचा हात उजव्या कानाकडे गेला आणि तिथेच राहिला. तिचं भाषणाचं पान मांडीवरून खाली घसरलं, ते तिने उचललं नाही. मला खाली खुर्चीवरूनही दिसलं की आता तिला बोलता येणार नाही.

तेवढ्यात सूत्रसंचालक म्हणाला, बाईंच्या यजमानांनी दोन शब्द बोलावेत. मी दोनच शब्द तयार ठेवले होते: आभारी आहे. माइकपाशी गेलो आणि ते दोन्ही विसरलो.

"मी स्टोअर्समधला माणूस आहे," मी म्हणालो. "एकाच्या जागी दुसरा बसला पाहिजे, यावर मी पगार घेतो. चिटणीस साहेब, मीही घरी तुमच्यासारखंच बोललो होतो. पण या आठवड्यात मी एक फिरकी बदलायला निघालो होतो. मोठ्या दुकानात गेलो, तपासणी केंद्रात गेलो, बोळात गेलो. सुटी मिळत नाही. का मिळत नाही? कारण ती त्या दांडीवरच घडवलेली असते. अहो, परकी राहू द्या, जोडीतल्याच दुसऱ्या कानातल्याची, तेवढीच, तशीच, त्याच हातची फिरकी बसत नाही. मी लावून बघितली. गरम पाण्यात घालून बघितली, बर्फात घालून बघितली. नव्या बाई चांगल्याच असतील. त्या त्यांच्या जागी घट्ट बसतील. पण फरक कळणार नाही असं मला सांगू नका. फरक कळतो. ज्याला कळत नाही त्याने दोन दिवस लावून बघावं, नाकी नऊ येतात."

मागून हितचिंतक ओरडले, "बसली!" आणि टाळ्या सुरू झाल्या. पहिलीची मुलं कारण न समजताही जोरात टाळ्या वाजवत होती. चिटणीसही वाजवत होते. मी वळून बघितलं तर बायको उठून उभी राहिली होती. पान खालीच होतं. "मुलांनो," ती म्हणाली, आणि या वेळी थांबली नाही. पुष्कळ वेळ बोलली. मधूनच माझ्याकडे बघत होती, आणि ते बघणं मला नीट ओळखता येत नव्हतं.

ते टॅक्सीत कळलं. मांडीवर फुलांचा ढीग घेऊन ती खिडकीबाहेर बघत होती. निम्मा रस्ता गेल्यावर म्हणाली, "गरम पाण्यात?"

मी तिच्या मांडीवरची फुलं मोजायला लागलो.

"मोती?"

"चहा पिऊन होईपर्यंतच. थोडा साबण होता."

"आणि ते गुडघ्याचं औषध."

"तेही तेच."

"मी ताईला दुकानात पाठवलं होतं त्या औषधासाठी. दोन दुकानं फिरली ती." ती पुन्हा बाहेर बघायला लागली. मग खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतेय. पुढे बघितलं तर रडतही होती आणि हसतही होती, आणि माझ्या बाहीला डोळे पुसत होती, स्वतःचा रुमाल हातात असताना.

"सोमवारपासून मी घरी असणार आहे," ती म्हणाली. "डबी, कपाट, बर्फाचा कप्पा, कशालाही विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. गेटपास घ्यायचा माझ्याकडून."

गेटपासचं तिला कोणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. हितचिंतकांना मीच सांगितलं होतं, आणि जिना आमचाच आहे. स्वतःच्या घरात, या वयात, स्वतःच केलेला नियम माणसाला असा उलटून लावावा, याचा मला अतोनात राग आला आणि तो मी बोलूनही दाखवणार होतो. पण तिने मान माझ्याकडे वळवली आणि केस बाजूला केले.

"डावी जरा सैल वाटतेय. घट्ट करा बघू."

टॅक्सी खड्ड्यांतून उडत होती. माझी भाजलेली जाड बोटं आणि ती मिरीएवढी वस्तू. मी आधी चष्मा लावला, वाकलो आणि फिरकीची पाठ नीट बघितली. ठिपका नव्हता. मग फिरवली.

ती बसली.